पडद्यावरचा देह कोणाचा?

गेल्या दिवाळी अंकात गुडघ्यांवर लिहिलं, त्यावर बरेच फोन आले. बहुतेक गुडघ्यांचेच होते. एक मात्र वेगळा होता. मुलाकडे हॅमिल्टनला कायमचे राहायला आलेले एक काका म्हणाले, "डॉक्टर, पुण्यात असताना देहदानाचा फॉर्म भरला होता. पण नात सांगते, हल्ली कॉलेजात सगळं कॉम्प्युटरच्या मॉडेलवर शिकवतात. मग आमची ही म्हातारी कुडी कोणाला हवी आहे?"

नातीचं म्हणणं अर्धं खरं आहे. आमच्या वेळी एका टेबलाभोवती दहा-बारा जण असायचे आणि मागच्यांना पुढच्यांची कोपरं तेवढी दिसायची. आता माणसाएवढ्या टचस्क्रीनवर बोटानं त्वचा बाजूला सारायची, मग स्नायू, मग रक्तवाहिन्या, आणि वाटलं तर सगळं पुन्हा होतं तसं करायचं. कापलेली नस परत जोडता येणं ही सोय आम्हाला स्वप्नातही नव्हती. सीटी स्कॅनवरून थ्री-डी प्रिंटरनं छापलेली हाडं मुलं घरीही नेऊ शकतात. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये विच्छेदनकक्ष बंद झाले, तेव्हा शिकवणं या चित्रांवरच चाललं.

तशी मॉडेलं काही आजची नाहीत. डनीडनचं मेडिकल स्कूल 1875 चं. तिथे 1877 साली एडिंबरोहून शरीरशास्त्राचे प्राध्यापक म्हणून जॉन हॅलिडे स्कॉट आले. ते जलरंगातले चांगले चित्रकारही होते. पॅरिसला कागदाच्या लगद्याची आणि मेणाची मॉडेलं बनत, तशी त्या काळातली मॉडेलं तिथल्या ट्रॉटर म्युझियममध्ये अजून जपून ठेवली आहेत. लगद्याच्या माणसाचे अवयव एकेक काढून परत बसवता येतात. टचस्क्रीनची पणजीच म्हणा ना!

पण पडद्यावरचा माणूस येतो कुठून? चित्रकाराच्या मनातून येत नाही. 1994 साली अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिननं 'व्हिजिबल ह्यूमन' नावाचा चित्रसंच खुला केला. जगभरातल्या कितीतरी डिजिटल मॉडेलांचा तो पाया आहे. तो देह होता जोसेफ पॉल जर्निगनचा. खुनाच्या गुन्ह्यासाठी त्याला 1993 साली टेक्सासमध्ये विषारी इंजेक्शन देऊन मृत्युदंड दिला गेला. देह गोठवून डोक्यापासून पायापर्यंत एकेक मिलिमीटर तासत नेला आणि दर थराचा फोटो काढला. असे 1,800 हून जास्त थर. देह विज्ञानाला द्यायला त्याची संमती होती, पण आपण जगभरच्या कॉम्प्युटरवर कायमचे उघडे पडणार आहोत, हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. 2019 पासून तर ती चित्रं घ्यायला परवानाही लागत नाही. आणखी एक गंमत: त्याचं अपेंडिक्स आधीच काढलेलं होतं. म्हणजे जगाला शरीर शिकवणारा पहिला डिजिटल माणूस अपेंडिक्सशिवायचा!

हा प्रश्न कॉम्प्युटरच्या आधीचा आहे आणि त्याचा एक धागा थेट आपल्या साताऱ्याला जातो. 'ग्रेज ॲनाटॉमी' हे पुस्तक आपल्यापैकी बऱ्याच घरांत कोणाच्या ना कोणाच्या कपाटात असेल. 1858 च्या पहिल्या आवृत्तीतली 363 चित्रं हेन्री व्हॅनडाइक कार्टर या तरुण डॉक्टरची. पुस्तक लंडनमध्ये निघालं तेव्हा हा गृहस्थ मुंबईत पोहोचलेलाही होता. ग्रँट मेडिकल कॉलेजात तो शरीरशास्त्र शिकवू लागला, पुढे साताऱ्याला सिव्हिल सर्जन झाला आणि आपल्याकडच्या महारोगावर त्यानं मोठं काम केलं. नाव मात्र ग्रेचं झालं. कार्टरला चित्रांचे एकरकमी दीडशे पौंड मिळाले. त्याच्यावर अन्याय झाला असं सगळे म्हणतात, मीही म्हणतो. पण ज्यांची शरीरं त्यानं रेखाटली, ते लंडनचे बेवारस गरीब होते, आणि त्यांचं नाव तर छोट्या टाइपातही कुठे नाही. मुंबई प्रांताच्या 1949 च्या शरीरशास्त्र कायद्यानंही बेवारस देहच कॉलेजांकडे पाठवण्याची सोय केली. आम्ही ज्यांच्यावर शिकलो, त्यांना कोणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

याउलट, 2018 साली क्राइस्टचर्चच्या फिल बटलर या शास्त्रज्ञानं स्वतःचा घोटा आणि मनगट आपल्याच नव्या स्कॅनरखाली धरलं. जिवंत माणसाचा तो पहिला रंगीत त्रिमितीय एक्स-रे. मनगटावरच्या घड्याळासकट सगळं दिसतं. माणूस जिवंत, राजी आणि स्वतःच्या नावानिशी हजर. पडद्यावरची सगळी शरीरं अशी आली असती तर हा लेख इथेच संपला असता.

आता नातीच्या म्हणण्याचा चुकलेला अर्धा भाग. अंगठा आणि करंगळीची टोकं जुळवा आणि मनगट थोडं आत वाकवा. मनगटाच्या मधोमध एक दोरी उठलेली दिसेल. वाचताय ना? करून बघा. घरातल्या सगळ्यांना करायला लावा. कोणा एकाला ती दिसणार नाही. शंभरातल्या दहा-पंधरा जणांत, कुठे कमी कुठे जास्त, तो स्नायूच नसतो आणि त्यावाचून काही अडतही नाही. मॉडेलवर मात्र तो एकतर सगळ्यांना असतो किंवा कोणालाच नसतो. रक्तवाहिन्यांचे फाटे, पित्ताशयाच्या नळ्या, सगळ्यांची हीच तऱ्हा. पडद्यावर एकच माणूस पुन्हा पुन्हा भेटतो. टेबलावर दर वेळी नवा भेटतो, आणि पोट उघडलेल्या सर्जनला हा नवाच माणूस भेटणार असतो. शिवाय चरबी किती निसरडी असते, धमनी बोटाला कशी लागते, हे काचेवर बोट फिरवून कळत नाही.

आणि भीड नावाची एक गोष्ट असते. डनीडनला वर्षाच्या सुरुवातीला विद्यार्थी विच्छेदनकक्षात शिरण्याआधी माओरी पद्धतीनं प्रार्थना होते. तिला 'फाकावातेआ' म्हणतात, म्हणजे वाट मोकळी करणं. देह माओरींसाठी 'तापू' असतो; आपल्या सोवळ्याची आठवण यावी असा तो शब्द आहे. भारतातही 2019 पासून नव्या अभ्यासक्रमात मृतदेहाला पहिला गुरू मानायला शिकवतात. टचस्क्रीन सुरू करताना कोणी प्रार्थना करत नाही. ओटागोच्याच जॉन कॉर्नवॉल यांच्यासारखे अभ्यासक आता विचारताहेत की देह दिला म्हणजे त्याचं स्कॅन, त्याची छापील प्रत, त्याचं जगभर फिरणारं चित्र हेही दिलं का? मला वाटतं, नाही. ते वेगळं मागावं आणि वेगळं मिळावं. देहाचा अभ्यास संपला की त्याचं दहन होतं. चित्राचं दहन होत नाही.

तर काका, कुडी हवी आहे. पुण्याचा फॉर्म मात्र इथे चालणार नाही. ऑकलंड आणि ओटागो ही दोन्ही विद्यापीठं देहदान स्वीकारतात. फॉर्म हयातीत स्वतःच भरायचा असतो, मागाहून मुलांनी भरून चालत नाही. फोटो, स्कॅन आणि थ्री-डी प्रतींचं काय करणार, हे तेव्हाच स्पष्ट विचारा आणि तुमचं उत्तर लिहून ठेवा. हो म्हणालात तरी चालेल, मी स्वतः हो म्हटलं आहे. रक्षा घरच्यांना परत हवी असेल तर तेही तेव्हाच सांगा. संसर्गजन्य आजार असेल किंवा शवविच्छेदन झालं असेल तर विद्यापीठ ऐनवेळी नकार देऊ शकतं, त्यामुळे अंत्यसंस्काराची दुसरी सोय घरात बोलून ठेवा. आणि हे सगळं पुण्यातल्या लेकीच्या कानावर आधीच घाला. फोनवर रात्री दोन वाजता ते पहिल्यांदा ऐकायची वेळ तिच्यावर येऊ नये.