ग्रंथालयांना मित्र हवेत, वेठबिगार नव्हेत

इतिहासाच्या अभ्यासकाने कोणाचे ऋण मान्य करायचे, तर ते सर्वप्रथम ग्रंथपालांचे. म्हणूनच पुढील प्रसंग सांगताना मी त्या विद्यापीठाचे नाव घेणार नाही. अनेक वर्षांपूर्वी तेथील ग्रंथालयात मी १९२०च्या दशकातील एका नियतकालिकाचे अंक मागितले. सूचीतील कार्ड सुबक अक्षरात लिहिलेले होते. थोड्या वेळाने शिपायाने कापडात बांधलेला गठ्ठा आणून समोर ठेवला. गाठ सोडताच तपकिरी पानांचे तुकडे टेबलावर पसरले. ‘‘साहेब, वाचायचं नसेल तर पुन्हा बांधून ठेवतो,’’ तो ओशाळून म्हणाला. दोष त्याचा नव्हता. त्या काळच्या स्वस्त कागदातील आम्लाने आपले काम केले होते. माणसांनी मात्र आपले केले नव्हते.

बेंगळुरूत होसूर रस्त्यावरून धर्माराम महाविद्यालयावरून जाताना मला तो गठ्ठा आठवतो. केरळमधील एका ख्रिस्ती धर्मसंघाच्या या उच्चशिक्षण संस्थेच्या ग्रंथालयात जुन्या मल्याळम पुस्तकांचा आणि नियतकालिकांचा मोठा संग्रह आहे. ‘ग्रंथप्पुरा’ या नावाने काम करणाऱ्या मंडळींनी तो पानापानाने छायांकित करून सर्वांसाठी मोफत खुला करण्याचे काम हाती घेतले. ‘ग्रंथप्पुरा’ म्हणजे ग्रंथांचे घर. हौसेने, पदरमोड करून सुरू झालेल्या स्वयंसेवी कामातून त्यांची ना-नफा संस्था उभी राहिली. जर्मनीतील ट्युबिंगेन विद्यापीठाने हर्मन गुंडर्ट या मिशनरी कोशकाराचा मल्याळम संग्रह जगापुढे आणला, तेव्हाही मल्याळम स्वयंसेवकांनी त्यातील मजकूर आजच्या संगणकीय लिपीत उतरवून दिला होता. कर्नाटकाच्या राजधानीत केरळची भाषा अशी जपली जाते, याचे मला विशेष अप्रूप वाटते.

याच शहराने दुसरा धडाही दिला आहे. या शतकाच्या आरंभी येथील भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ हा महत्त्वाकांक्षी प्रकल्प उभा राहिला. देशभरातील ग्रंथालयांतील लाखो पुस्तके त्यात आली. मराठी अभ्यासकांनीही त्याचा मनसोक्त उपयोग केला. पुढे ते संकेतस्थळ बंद पडले. तरीही ती पुस्तके आज वाचता येतात, कारण कार्ल मालमुड या अमेरिकी कार्यकर्त्याच्या ‘पब्लिक रिसोर्स’ संस्थेने त्यांतील चार लाखांहून अधिक पुस्तकांच्या प्रती ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर ठेवल्या होत्या. सरकारी पैशाने झालेले काम हौशी माणसांमुळे टिकले, ही अभिमानाची गोष्ट आहे आणि लाजेचीही.

महाराष्ट्राला या वृत्तीची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरे मिळवत राहिले आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड त्यातून उभे राहिले. १९१० मध्ये पुण्यात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. मात्र त्या पिढीला विद्यापीठांबाहेर आपली स्वतंत्र घरे बांधावी लागली. आज दुर्मीळ साहित्याचा मोठा भाग विद्यापीठांच्याच कपाटांत आहे आणि त्यांचे दरवाजे नागरिकांसाठी क्वचितच उघडतात. याउलट ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाचे मित्रमंडळ १९२५ पासून वर्गणी गोळा करून संग्रहात भर घालत आले आहे.

आपल्याकडील ग्रंथपालांच्या शंका मात्र खोट्या नाहीत. पुस्तक हरवले तर चौकशी त्यांचीच होते. स्वयंसेवकाला कोणी जाब विचारत नाही. म्हणून तोंडी परवानगीवर विसंबू नये, लेखी करार करावा. कोणता संग्रह, कोणाच्या देखरेखीखाली, किती मुदतीत हाताळायचा, हे त्यात नमूद असावे. प्रती एकाच संगणकावर न ठेवता किमान तीन ठिकाणी ठेवाव्यात. स्वामित्वहक्काची भीतीही अनेकदा अतिरंजित असते. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याचे प्रकाशित साहित्य सामान्यतः सर्वांचे होते. शिवाय २०१२च्या दुरुस्तीने, बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःजवळ असलेल्या पुस्तकाची संगणकीय प्रत जतनासाठी ठेवण्याची मुभा दिली आहे.

दुसरा धोका मला अधिक गंभीर वाटतो. स्वयंसेवक फुकट मिळतात म्हटल्यावर ग्रंथपालाचे पद रिक्त ठेवण्याचा मोह प्रशासनाला होऊ शकतो. शनिवारी येणारा उत्साही तरुण पाने छायांकित करील. पण कोणते नियतकालिक कोणत्या नावाने पुन्हा निघाले, कोणती प्रत अपुरी आहे, हे जाणकार ग्रंथपालच सांगू शकतो. नीट सूची नसेल तर संगणकावरचे पुस्तकही हरवलेलेच. ‘डिजिटल लायब्ररी’तील रोमन लिपीत चुकीची नोंदलेली भारतीय भाषांतील शीर्षके शोधताना मी कित्येक संध्याकाळी घालवल्या आहेत. मित्रमंडळ हे पगारी कर्मचाऱ्यांच्या जोडीला असावे, त्यांच्या जागी नव्हे. अर्थसंकल्पातील कपातीचे समर्थन म्हणून त्याचा उपयोग होऊ लागला, तर स्वयंसेवकांनीच नकार द्यायला हवा.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांची अखेरची वर्षे याच शहरात गेली आणि १९७२ मध्ये त्यांचे येथेच निधन झाले. ग्रंथ कुलपात राखण्यासाठी नसून वापरासाठी असतात, हा त्यांच्या शिकवणुकीचा पाया होता. ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठी त्यांनी आयुष्यभराच्या बचतीतून एक लाख रुपये मद्रास विद्यापीठाला दिले. एवढे दातृत्व आपल्याला जमणार नाही. पण महिन्यातील एक शनिवार देणारे माणूस प्रत्येक विद्यापीठाच्या गावात सापडेल. कुलगुरूंनी त्याला आत बोलवावे आणि सोबत ग्रंथपालाचे रिक्त पदही भरावे. कापडातल्या त्या गठ्ठ्यांना थांबायला फार वेळ उरलेला नाही.