दाभडीला उत्तर हवे

२० मार्च २०१४ रोजी नरेंद्र मोदी आर्णी तालुक्यातल्या दाभडीत कास्तकारांशी ‘चाय पे चर्चा’ करायला आले. तेव्हा ते भारतीय जनता पक्षाचे पंतप्रधानपदाचे उमेदवार होते. चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९८६ साली कुटुंबासह जीवन संपवले, त्या घटनेला आदल्याच दिवशी २८ वर्षे झाली होती. उत्पादन खर्चावर किमान ५० टक्के नफा मिळेल असा भाव देऊ, हे वचन त्या निवडणुकीत भाजपच्या जाहीरनाम्यात छापलेले होते. आमच्या भागातल्या कापूस उत्पादकाने त्यावर विश्वास ठेवला आणि मनापासून मत दिले. म्हणूनच आज त्याची निराशा इतकी खोल आहे.

सत्ता मिळून वर्षही झाले नव्हते. फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितले की असा भाव देणे शक्य नाही, त्याने बाजार बिघडेल. पुढे २०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपट भावाची घोषणा झाली खरी, पण खर्च मोजण्याची रीत बदललेली होती. बी-बियाणे, खत, फवारणी, मजुरी आणि घरच्यांचे कष्ट एवढेच धरले गेले. स्वामिनाथन आयोगाला अभिप्रेत असलेल्या हिशेबातला जमिनीचा खंड आणि भांडवलावरचे व्याज बाहेर राहिले. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०१४-१५ मध्ये ४,०५० रुपये होता, २०२५-२६ मध्ये तो ८,११० झाला, हे आम्ही नाकारत नाही. किसान सन्मानचे पैसे खात्यात येतात, हेही खरे. मात्र हमीभाव कागदावर असतो आणि हातात पैसा हवा असलेला लहान कास्तकार खेडा खरेदीतल्या व्यापाऱ्याला त्याहून कमी भावाने कापूस देऊन मोकळा होतो. त्यातच ऑगस्ट २०२५ मध्ये, पऱ्हाटी शेतात उभी असताना, केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. सप्टेंबरअखेरची मुदत नंतर डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली, म्हणजे नेमका वेचणीचा आणि विक्रीचा हंगाम त्यात सापडला. सूतगिरण्यांची अडचण खरी असेल. पण ती सोडवताना कास्तकाराला एका शब्दानेही विचारले गेले नाही.

२०१७ च्या हंगामात याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, त्यापाठोपाठ गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला. केंद्रात आणि राज्यात तेव्हा भाजपचेच सरकार होते. त्याच डिसेंबरात शेतकऱ्यांच्या प्रश्नावर नाराजी व्यक्त करत भंडारा-गोंदियाचे भाजप खासदार नाना पटोले यांनी राजीनामा दिला. पुढच्या वर्षी, शेतकरी स्वावलंबन मिशनचे अध्यक्षपद राज्य सरकारनेच ज्यांना दिले होते त्या किशोर तिवारींनी, पक्षाचे नेतृत्व नितीन गडकरींकडे द्यावे असे पत्र संघाच्या नेतृत्वाला लिहिले. दोघेही सत्तेच्या आतून बोलत होते. त्यांचे सगळे म्हणणे पटो न पटो, पक्षाने ते ऐकून घ्यायला हवे होते.

ऐकून घेण्याची ही सवयच पक्षातून गेली आहे. जनसंघाच्या काळापासून सतरंज्या उचलणारे, अनामत जप्त होत असतानाही घरोघर फिरणारे कार्यकर्ते विदर्भात गावोगाव होते. आज त्यांना निर्णय टीव्हीवरून कळतात. २७ जून २०२३ रोजी पंतप्रधानांनी भोपाळमध्ये राष्ट्रवादीच्या ७० हजार कोटींच्या घोटाळ्यांचा उल्लेख केला आणि २ जुलैला त्याच राष्ट्रवादीच्या अजित पवारांनी भाजपसोबतच्या सरकारात उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. त्या घोटाळ्यांपैकी सिंचनाचा पैसा कुठे गेला, हा प्रश्न भाजपच्या कार्यकर्त्यांनीच आमच्या कोरडवाहू गावांत वर्षानुवर्षे विचारला होता. आता त्यांनी त्याच गावांत काय सांगायचे?

आर्णी मतदारसंघाचेच पाहा. राजू तोडसाम २०१४ मध्ये भाजपचे आमदार झाले. २०१९ मध्ये उमेदवारी नाकारल्यावर ते पक्षाविरुद्ध लढले. नंतर भारत राष्ट्र समितीत गेले आणि २०२४ मध्ये विद्यमान आमदार संदीप धुर्वे यांना बाजूला सारून पक्षाने पुन्हा त्यांनाच तिकीट दिले. ते निवडूनही आले. मग पाच वर्षे पक्षासोबत थांबलेल्याने काय कमावले? विधानसभेचे हे यश पक्ष विश्वासाची पावती म्हणून दाखवतो. लोकसभेला आर्णी चंद्रपूरमध्ये येते. तिथे २०१९ मध्ये हंसराज अहीर हरले आणि २०२४ मध्ये सुधीर मुनगंटीवार अडीच लाखांहून अधिक मतांनी. ही पावतीही पक्षाने वाचावी.

नोव्हेंबर २०२४ मध्ये कोल्हापुरात महायुतीने कर्जमाफीचे वचन दिले. मार्च २०२५ मध्ये राज्याच्या अर्थमंत्र्यांनी ३१ तारखेपर्यंत पीककर्ज भरा असे बजावले. त्या ऑक्टोबरात शेतकऱ्यांनी नागपूरजवळ महामार्ग अडवला, तेव्हा कुठे कर्जमाफीसाठी ३० जून २०२६ ही तारीख मिळाली. रस्त्यावर बसल्याशिवाय दिलेल्या शब्दाची आठवण होत नसेल, तर पक्षाचे जिल्ह्याजिल्ह्यांतले पदाधिकारी कशासाठी आहेत?

पंतप्रधान दाभडीनंतर २०१९ मध्ये पांढरकवड्याला आणि २०२४ मध्ये यवतमाळजवळ आले. दोन्ही वेळा मोठ्या सभा झाल्या, पण दाभडीसारखी बैठक पुन्हा झाली नाही. ती व्हायला हवी. पंतप्रधानांना जमत नसेल तर मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी यावे. ते विदर्भाचेच आहेत. पूर्ण खर्चावर दीडपट भाव देणार की नाही, आणि पुढच्या हंगामात विदेशी कापसाला दार उघडे राहणार का, या दोन प्रश्नांचे उत्तर त्यांनी कास्तकारांसमोर बसून द्यावे. हे प्रश्न विरोधकांच्या आधी तालुक्यातल्या भाजप कार्यकर्त्यांनीच पक्षाच्या बैठकीत उभे राहून विचारायला हवेत, कारण २०१४ मध्ये दारोदार जाऊन हमी त्यांनीच दिली होती.