मोकळी जागा कोणाची?



या आठवड्याचा विषय ऐकून घरातली पोरे हसतील. अमेरिकेत समुद्राच्या वाळूवर कुत्र्यांना साखळी सोडून पळता यावे, म्हणून माणसांनी सभा घेतल्या, अर्ज केले आणि थेट कोर्टाची पायरी चढली. आपल्या अकोल्यात कुत्र्याला साखळी असते कुठे? वस्तीची राखण करणारे, मेंढरांमागे चालणारे, एस.टी. स्टँडवर झोपणारे, सगळे मोकळेच. आणि समुद्र म्हणाल तर आपल्याला आहे प्रवरेचा काठ. समुद्र आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला तो ६ डिसेंबरला चैत्यभूमीला गेल्यावर, दादर चौपाटीचा. तरी हा विषय आम्ही मुद्दाम घेतला. या भांडणात कुत्रे निमित्ताला आहे. सार्वजनिक जागा कोणाची, तिथे कोणी कसे वागायचे आणि हे ठरवायचे कोणी, हा त्यातला खरा प्रश्न आहे. तो प्रश्न आपल्या ओळखीचा आहे.

आधी हकीकत सांगतो. अमेरिकेत सॅन डिएगो शहरात १९७२ साली किनाऱ्याचा एक भाग कुत्र्यांसाठी मोकळा ठेवला गेला. अशी सोय देणाऱ्या तिथल्या पहिल्या किनाऱ्यांमध्ये त्याची गणना होते. सॅन फ्रान्सिस्को शहरात मात्र गोष्ट सरळ झाली नाही. तिथला किनारा आणि टेकड्या राष्ट्रीय उद्यानाच्या ताब्यात आल्या. लोक तर आधीपासून तिथे कुत्री फिरवत होते. १९७९ साली उद्यानाने नागरिकांच्या सल्लागार मंडळाचे म्हणणे मान्य केले आणि ठराविक जागी, धन्याची हाक ऐकणाऱ्या कुत्र्याला साखळीशिवाय फिरायला मुभा दिली. वीस-बावीस वर्षे असेच चालले. २००१ मध्ये उद्यानाने सांगितले की देशभरच्या राष्ट्रीय उद्यानांत कुत्रे साखळीला असले पाहिजे असा नियम आहे, म्हणून जुनी मुभा रद्द. मोकळे कुत्रे फिरवणाऱ्यांवर खटले भरले गेले.

लोक कोर्टात गेले. २००५ साली संघराज्याच्या न्यायालयाने निकाल दिला, तो समजून घेण्यासारखा आहे. कुत्र्यांना समुद्राचा हक्क आहे असे न्यायालयाने म्हटले नाही. एवढेच म्हटले की लोकांची इतक्या वर्षांची वहिवाट मोडायची असेल तर आधी जाहीर सूचना काढा, लोकांचे म्हणणे ऐका, मग नियम करा. कचेरीत बसून परस्पर काढून घेता येणार नाही. त्यानंतर नव्या नियमांचे मसुदे निघाले, सभा झाल्या, हरकतींचे ढीग पडले. शेवटी २०१७ मध्ये उद्यानाने ती योजनाच सोडून दिली.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही खोटे नव्हते. म्हातारी माणसे, लहान मुले आणि अंध माणसे यांना अंगावर धावून येणाऱ्या कुत्र्याची भीती वाटते. त्या वाळूवर एक चिमुकला पक्षी विसावतो, त्याची जात धोक्यात आहे. कुत्री मागे लागली की त्याचा जीव जातो तो उडण्यातच. म्हणून किनाऱ्याच्या काही भागात तो पक्षी असण्याच्या हंगामात साखळी सक्तीची केली गेली. म्हणजे एकाच वाळूवर जागा आणि हंगाम वाटून घेतले. सगळ्यांचे समाधान झाले नाही, पण बोलणे झाले.

कुत्र्यांसाठी माणसे रस्त्यावर येण्याची गोष्ट परदेशातच घडते असे नाही. मुंबईत कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढला होता. मारलेल्या कुत्र्यामागे पैसे मिळत. पारशी समाजात कुत्र्याला धर्मात स्थान आहे. ६ जून १८३२ रोजी पारशी मंडळींनी विरोध केला, त्याचा दंगा झाला, दुकाने बंद झाली आणि लष्कर बोलवावे लागले. पुढे १८३४ साली जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. ज्यांच्यापाशी पैसा आणि वजन होते, त्यांनी कुत्र्यांसाठी जागा मिळवली.

आता आमचा एखादा वाचक चिडून विचारील, आणि त्याचे चिडणे आम्हाला कळते. कुत्र्या-मांजरांना जागा मिळते, आणि आमच्या बापजाद्यांना पाण्याच्या घोटासाठी डोकी फोडून घ्यावी लागली. महाडच्या चवदार तळ्यावर गुरांना, जनावरांना मज्जाव नव्हता. मज्जाव होता तो माणसांना. हे विसरून कुत्र्यांचे कौतुक कसे करायचे?

विसरायचे तर नाहीच. उलट महाडची गोष्ट कागदासकट आठवली पाहिजे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करा असे त्यात होते. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद झाला, पण तळ्यावर जायची सोय कोणी होऊ दिली नाही. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे २० मार्च १९२७ रोजी तळ्यावर गेली, पाणी प्याली, तेव्हा त्या कागदात जीव आला. लगेच ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. मग कोर्टकचेरी. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. दहा वर्षे लागली.

म्हणजे बघा, सॅन फ्रान्सिस्कोत वहिवाट होती, तिला कागदाचा आधार लागला. महाडला कागद होता, त्याला वहिवाट लागली. दोन्हींची बरोबरी आम्ही करीत नाही. एकीकडे फिरण्याची हौस होती, दुसरीकडे माणूस म्हणून जगण्याचा प्रश्न होता. पण सार्वजनिक जागा हातात राहण्याची रीत दोन्हीकडे एकच दिसते. वापर पाहिजे आणि कागदही पाहिजे. एक असून दुसरे नसले तर कोणीतरी रातोरात येऊन जागा काढून घेतो.

आणि राग कुत्र्यावर काढायचे कारण नाही. आपल्या पुष्कळ घरांच्या भिंतीवर राजगृहातला फेब्रुवारी १९३४ चा एक फोटो असतो. त्यात यशवंतराव आहेत, बाबासाहेब आहेत, रमाई आहेत, वहिनी लक्ष्मीबाई आणि पुतणे मुकुंदराव आहेत. पायाशी बघा, बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबी आहे. महाडच्या तळ्यावर लढणाऱ्या माणसाने घरात कुत्रा जीव लावून पाळला. तळ्यावर अडवणारी माणसे होती, हे त्यांना पक्के ठाऊक होते. मुलांना हा फोटो दाखवताना टॉबीचे नावही सांगावे.

मग उद्या कोणी मुंबईच्या चौपाटीवर कुत्र्यांसाठी मोकळी जागा मागितली तर आपण काय म्हणावे? आम्ही तीन गोष्टी विचारू. पहिली, त्या जागेमुळे कोण बाहेर जाणार? चौपाटी ही गरिबाची बाग आहे. चाळीतले, झोपडपट्टीतले कुटुंब रविवारी पोरांना घेऊन जाते ते तिथेच. तिथे कुंपण घालून, पहारेकरी ठेवून, भेळवाल्याला हुसकून जागा होणार असेल तर आमचा विरोध. सकाळी ठराविक तास, ठराविक पट्टा आणि बाकीचा किनारा सगळ्यांना, असे असेल तर हरकत नाही. दुसरी, घाण कोण उचलणार? कुत्र्याच्या धन्याने उचलायची की पहाटे येणाऱ्या सफाई कामगाराने? त्या कामगारांत आपलेच भाऊ-बहिणी किती आहेत, हे सांगायला नको. तिसरी, कुत्रे चावले तर जबाबदार कोण? कायदा स्पष्ट आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे पाळलेल्या जनावराबाबत निष्काळजीपणा करून दुसऱ्याच्या जिवाला धोका आणला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता आपल्या दारात येऊ. आपल्या तालुक्यात मोकळ्या कुत्र्याचा प्रश्न हौसेचा नाही, पोरांच्या जिवाचा आहे. त्याला दोन टोके आहेत, एक बिबट्याचे आणि एक रेबीजचे. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरातल्या बिबट्यांच्या खाण्याचा अभ्यास केला. बिबट्याच्या पोटात जाणाऱ्या मांसात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा, सुमारे ३९ टक्के, निघाला. याचा अर्थ बायाबापड्यांनाही कळेल. जिथे उकिरडा तिथे कुत्री, जिथे कुत्री तिथे बिबट्या. कचरा वस्तीच्या कडेला टाकायचा आणि मग बिबट्या आला म्हणून ओरडायचे, यात बिचाऱ्या कुत्र्याचा दोष किती? ऊसतोडीच्या कोप्या तर उसाच्या फडाला लागूनच. तिथली लेकरे उघड्यावर झोपतात.

दुसरे टोक रेबीजचे. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी जवळजवळ सगळा, शंभरात नव्व्याण्णवपर्यंत, कुत्र्यांपासून होतो. लक्षणे दिसल्यावर माणूस वाचत नाही म्हटले तरी चालेल. पण वेळेवर लस घेतली तर तो टळतो. आपल्या शेजारच्या गोव्यात गावोगाव आणि किनाऱ्यांवर फिरून कुत्र्यांना लस टोचण्याची मोहीम वर्षानुवर्षे चालवली गेली. २०१८ ते २०२० या तीन वर्षांत तिथे रेबीजने माणसाचा मृत्यू नोंदला गेला नाही आणि २०२१ साली गोवा देशातले पहिले रेबीज नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. तिथे कुत्री आजही वाळूवर मोकळीच असतात. विष घालून मारण्यापेक्षा हा मार्ग खात्रीचा ठरला. विष घालणे कायद्याने गुन्हा आहे, आणि पंचशील घेणाऱ्या घरात त्याचा विचारही नको.

आपल्या देशातला कायदाही आता कुत्र्यांच्या जागेविषयी बोलतो. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी ठरवली. कुत्र्यांना खायला घालण्याची जागा ठरवावी आणि ती मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, घरांच्या दारा-जिन्यांपासून दूर असावी, असेही त्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सांगितले की पकडलेली कुत्री नसबंदी आणि लस करून त्याच भागात सोडावीत, मात्र पिसाळलेली आणि हिंस्र सोडू नयेत. प्रत्येक वॉर्डात खाऊ घालण्याची जागा नेमून द्यावी. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा-कॉलेज, दवाखाने, क्रीडा संकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातून कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवायला सांगितले. आदेश झाले. पण महाडच्या ठरावासारखे तेही कागदावर पडून राहू शकतात. त्यांना वापरात आणणे आपल्या हातात आहे.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. अकोल्यात नगरपंचायत आहे, खेड्यांत ग्रामपंचायत आहे. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरते. तिथे महिला मंडळाने आणि तरुणांनी लेखी अर्ज द्यावा. आपल्या वस्तीतल्या मुलांच्या खेळायच्या जागेची नोंद कागदावर करून मागा. आज पोरे खेळतात म्हणून ती जागा उद्या आपली राहील असे समजू नका. कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागा तिच्यापासून दूर ठरवून मागा. कचरा उचलण्याचा वार ठरवून मागा. वस्तीतल्या सगळ्या कुत्र्यांना वर्षातून एकदा लस टोचण्याची मागणी करा, आणि घरचे कुत्रे असेल तर स्वतः त्याला गुरांच्या दवाखान्यात न्या. मागणी करताना आपली बाजू स्वच्छ पाहिजे.

आणि आई-बहिणींनो, हे फ्रेमच्या मागे लिहून ठेवा. कुत्रे चावले किंवा नुसते ओरखडले, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. मिरची, चुना, हळद लावू नका. अंगारा-धुपाऱ्याच्या नादी लागू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. लस फुकट मिळते. पहिली सुई त्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. रक्त आले असेल तर जखमेत घालायच्या वेगळ्या औषधाबद्दल डॉक्टरांना आठवणीने विचारा. मजुरी बुडते म्हणून शेवटची सुई चुकवू नका.

अर्ज देताना दोन प्रती न्या. एक तिथे द्या, दुसरीवर सही-शिक्का आणि तारीख घ्या. पोच घेतल्याशिवाय घरी परतू नका.

जयभीम.