आरोग्यविचार : छातींतील जळजळ आणि शस्त्रक्रिया

छातींत जळजळ झाली कीं आपल्या घरांत ‘पित्त वाढलें’ असें म्हणून कोकमाचें सरबत पुढें येतें. तेवढ्यानें बरें वाटलें तर उत्तमच. परंतु रोज रात्रीं घशाशीं आंबट पाणी येऊन झोपमोड होऊं लागली, म्हणजे तें दुखणें अंगावर काढूं नये.

अन्ननलिका जठराला मिळते तेथें स्नायूंची झडप असते. ती सैल पडली, किंवा जठराचा वरचा भाग श्वासपटलाच्या छिद्रांतून छातींत सरकला, म्हणजे आम्लरस वर चढतो. औषधांनीं रसाची आम्लता कमी होते. झडप कांहीं आवळली जात नाहीं. तरीहि बहुतेकांना औषध व पथ्य पुरतें. ज्यांना पुरत नाहीं, त्यांच्यासाठीं रूडॉल्फ निसेन या शल्यविशारदांनीं १९५५ सालीं बाझेल येथें जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोंवतीं गुंडाळून टांके घालण्याची शस्त्रक्रिया केली. १९९१ पासून ती लहान छिद्रांतून दुर्बिणीच्या साहाय्यानेंहि होऊं लागली.

शस्त्रक्रियेचें नांव निघतांच पुष्कळजण म्हणतात, “त्यापेक्षां लोणावळ्यास जाऊन योगोपचार करूं.” मावळांतील त्या गांवीं स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं कैवल्यधाम स्थापन केलें, पण त्यांनींहि केवळ श्रद्धेवर विसंबून न राहतां उड्डियान व नौली या क्रिया क्ष-किरणांनीं तपासल्या. योगानें शरीराला शिस्त लागते. छातींत सरकलेलें जठर मात्र आसनांनीं जागीं बसेल, असें समजूं नये. अशा रोग्यानें उड्डियान किंवा वमनधौति डॉक्टरांना विचारल्यावांचून करूं नये.

शस्त्रक्रियेपूर्वींहि मोजमाप हवेंच. दुर्बिणीनें अन्ननलिका पाहावी, चोवीस तास आम्लतेची नोंद घ्यावी, अन्ननलिकेच्या आकुंचनाचा दाब मोजावा. तें आकुंचन दुबळें असतां घट्ट वेढा घातला तर घास अडकतो. शस्त्रक्रिया साधली तरी कांहींना पोट फुगणें, ढेकर न येणें असा त्रास होतो. कांहींना पुढें पुन्हा औषध लागतें.

एकत्र कुटुंबांत घरच्या बायका सर्वांमागून जेवतात आणि थकून लगेच आडव्या होतात. त्यांची तक्रारहि सर्वांत शेवटीं ऐकली जाते. जेवण व निजणें यांत तीन तासांचें अंतर ठेवावें. पलंगाच्या उशाकडील पायांखालीं विटा द्याव्या. घास अडकणें, वजन घटणें, काळा शौच किंवा रक्ताची उलटी यांपैकीं कांहींहि दिसल्यास विलंब न करतां डॉक्टरांना दाखवावें. छातींत दाटून घाम आला, तर तें पित्त न समजतां तडक रुग्णालय गांठावें.