विश्लेषण : फिल्मच्या काळातील जुन्या सिनेलेन्सना पुन्हा मागणी का? डिजिटल कॅमेऱ्यासाठी त्या घेताना काय तपासावे?

एकेकाळी भंगारात जाणाऱ्या जुन्या सिनेलेन्स आता ‘व्हिंटेज’ म्हणून चांगल्या किमतीला विकल्या जातात. मुंबईचा चोरबाजार आणि पुण्याचा जुना बाजार यांच्या मधोमध असलेल्या लोणावळा-मावळ पट्ट्यात लघुपट, संगीत व्हिडीओ किंवा प्री-वेडिंग शूट करणाऱ्यांनाही त्यांचा मोह पडतो. मात्र ‘सिनेलेन्स’ म्हणून विकली जाणारी प्रत्येक वस्तू सिनेकॅमेऱ्याची नसते आणि असली तरी ती आपल्या कॅमेऱ्यावर चालेलच असे नाही.

या लेन्स बाजारात कशा आल्या?

२०११ च्या सुमारास ॲरी, पॅनाव्हिजन आणि आटाँ या बड्या कंपन्यांनी नवे फिल्म कॅमेरे बनवणे थांबवले. २०१३ मध्ये फुजीफिल्मने चित्रीकरणाच्या फिल्मचे उत्पादन बंद केले. चित्रपटगृहेही डिजिटल झाली. महाराष्ट्रातील तंबू टॉकीजवर हे संक्रमण कसे कोसळले, हे ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) या माहितीपटात दिसते. कॅमेरे आणि प्रोजेक्टर निरुपयोगी ठरले, पण त्यांच्यावरील काच शाबूत राहिली.

मग मागणी का वाढली?

आजचे सेन्सर आणि आधुनिक लेन्स इतके स्वच्छ चित्र देतात, की ते अनेकांना कोरडे वाटते. जुन्या लेन्सवरील लेप साधा असल्याने प्रकाश आत पसरतो, कॉन्ट्रास्ट कमी होतो आणि चेहरे मऊ दिसतात. दुसरे कारण मिररलेस कॅमेरे. त्यांच्यात आरसा नसल्याने लेन्स सेन्सरच्या जवळ बसवता येते. ‘द क्रिएटर’ (२०२३) हा हॉलिवूडपट सोनी एफएक्स३ या तुलनेने स्वस्त कॅमेऱ्यावर आणि कोवा कंपनीच्या जुन्या ॲनामॉर्फिक लेन्सवर चित्रित झाला. त्यानंतर ही जोडी अधिकच चर्चेत आली.

महाराष्ट्राला हे नवीन आहे का?

जुळवाजुळव इथल्या सिनेमाच्या मुळातच आहे. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्यावर ‘सैरंध्री’ (१९२०) चित्रित केला. मावळातही तळेगाव दाभाडे येथे १९०८ मध्ये लोकवर्गणीतून पैसा फंड काच कारखाना उभा राहिला. पण रोजच्या वापराची काच आणि भिंगाची काच यांत मोठा फरक आहे. आपल्याकडच्या जुन्या सिनेलेन्स प्रामुख्याने ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, स्वित्झर्लंड, जपान आणि सोव्हिएत संघातून आलेल्या आहेत. त्यामुळे एक खराब झाली की तिची जागा घेणारी इथे बनत नाही.

लेन्स नेमकी कोणती, हे कसे ओळखावे?

आधी छिद्र कमी-जास्त करणारी रिंग आणि फोकस रिंग आहे का, ते पाहावे. दोन्ही नसतील आणि बाहेरून गुळगुळीत नळी असेल, तर ती बहुधा प्रोजेक्टरची लेन्स आहे. ती वापरता येते, पण फोकससाठी मागेपुढे सरकणारी वेगळी रिंग जोडावी लागते आणि उजेड एनडी फिल्टरने कमी करावा लागतो.

रिंगवर ‘टी’ आकडे असतील, तर ती सिनेमासाठीच बनलेली असण्याची शक्यता मोठी. ‘एफ’ आकडा छिद्राचा आकार सांगतो, तर ‘टी’ आकडा प्रत्यक्ष पलीकडे पोहोचणारा प्रकाश. ‘टीव्ही लेन्स’ असे कोरलेले असेल, तर ती सीसीटीव्हीची समजावी. तिचा आटा १६ मिमी सिनेलेन्ससारखाच असल्याने फसगत होते. बोलेक्स कॅमेऱ्याच्या स्विटार लेन्सवर ‘आरएक्स’ लिहिलेले असेल, तर ती कॅमेऱ्यातील प्रिझम गृहीत धरून बनवलेली असते. इतर कॅमेऱ्यांवर छिद्र पूर्ण उघडल्यास तिचे चित्र थोडे ढिले पडते. ‘एआर’ प्रकाराला ही अडचण नाही.

कॅमेऱ्यावर बसेल का?

इथे दोन मापे निर्णायक ठरतात. पहिले, लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंतचे अंतर. पीएल माउंटसाठी ते ५२ मिमी आहे, तर सोनी ई माउंटसाठी १८ मिमी. म्हणजे ३४ मिमी जाडीचा ॲडॅप्टर पुरतो. १६ मिमी कॅमेऱ्यांच्या सी माउंटसाठी हे अंतर १७.५२६ मिमी आहे. त्यामुळे सोनीवर लेन्स जवळपास अर्धा मिमी आत बसवावी लागते. ८ मिमी कॅमेऱ्यांच्या डी माउंटसाठी ते केवळ १२.२९ मिमी असल्याने बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांवर दूरचे दृश्य फोकसमध्ये येतच नाही.

दुसरे माप प्रकाशवर्तुळाचे. १६ मिमी फिल्मच्या चौकटीचा कर्ण सुमारे १२.७ मिमी, मायक्रो फोर थर्ड्स सेन्सरचा २१.६ मिमी आणि फुल फ्रेमचा ४३.३ मिमी. म्हणून १६ मिमीची वाइड लेन्स फुल फ्रेमवर लावली, की मध्ये गोल चित्र आणि भोवती काळोख दिसतो. ३५ मिमी सिनेमाच्या लेन्स मात्र एपीएस-सी सेन्सर किंवा क्रॉप मोडवर बहुतांशी चालतात.

लेन्सचा मागचा भाग किती बाहेर येतो, तेही मोजावे. तो शटर किंवा सेन्सरवर आदळला, तर दुरुस्तीचा खर्च लेन्सच्या किमतीहून अधिक होऊ शकतो.

पावसाळ्याचा प्रश्न वेगळा का?

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिमीच्या आसपास पाऊस पडतो आणि हवा महिनोन्महिने दमट राहते. काचेवर बुरशी धरायला हे पोषक. खरेदीच्या वेळी टॉर्च लेन्समधून तिरका मारावा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा म्हणजे बुरशी, तर कडेने इंद्रधनुषी चट्टे म्हणजे दोन काचा जोडणारा डिंक सुटलेला. बुरशी वेळेत काढता येते, पण लेप खाल्लेला असल्यास डाग कायम राहतो. अशी लेन्स इतरांपासून वेगळी ठेवावी. चांगल्या लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसह, ४० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवाव्यात. चामड्याची जुनी पेटी ओल धरते, म्हणून ती टाळावी.

घाईने काय गमावले जाते?

लेन्स बसत नाही म्हणून मूळ बैठक कानशीने घासण्याचा किंवा लेथवर कापण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो बदल परत फिरवता येत नाही आणि लेन्सची किंमतही उतरते. स्क्रूने बसणारा, पुन्हा काढता येणारा ॲडॅप्टर थोडा महाग पडला, तरी शहाणपणाचा. संच फोडून एकेक लेन्स विकल्यास तिचा इतिहासही हरवतो. लेन्स कुठल्या कॅमेऱ्याची, कोणत्या स्टुडिओतून आली, क्रमांक काय, ही नोंद विकणाऱ्याकडून त्याच वेळी लिहून घ्यावी. डिजिटलकडे वळताना या सामग्रीची पद्धतशीर मोजदाद करणे सहज शक्य होते. ती संधी बरीचशी निसटली. उरलेले किती टिकेल, हे आता बऱ्याच अंशी विकत घेणाऱ्यांच्या हातात आहे.