पाळणा भाड्याचा, आहेर पाकिटाचा

मंडळी, स्पष्ट लिहितोय, राग मानू नका. बडोद्यातल्या आपल्या मराठी घरांत हल्ली बारशाला पाळणा भाड्याने येतो. डेकोरेशनवाला फुगे, खोटी फुलं आणि पाळणा असं पॅकेज देतो आणि संध्याकाळी टेम्पोत घालून परत नेतो. ज्या पाळण्यात बाळाचं नाव ठेवलं, त्यात बाळ एक रात्रही झोपत नाही! कोपऱ्यात भेटींचा ढीग: बॅटरीच्या एकसारख्या तीन गाड्या, दोन टेडी आणि नाव छापलेला मग. त्याला म्हणे ‘युनिक गिफ्ट’.

अहो, संखेडा किती लांब आहे? डभोईमार्गे पन्नासेक किलोमीटर. 2013 मध्ये जिल्हा बदलून छोटा उदेपूर झाला, गाव काही हललं नाही. तिथले खरादी सागाचं लाकूड खरादावर फिरवून पाळणे, झोपाळे, पाट, दांडिया घडवतात. रंग देऊन त्यावर कथलाची नक्षी ब्रशने काढतात, मग लाख चढवतात. नक्षी मुळात रुपेरी. लाखेचा हात फिरला की सोनेरी दिसते. भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. नक्षी हाताची, म्हणून दोन पाळणे हुबेहूब सारखे निघत नाहीत. युनिक म्हणायचं तर ह्याला म्हणा.

कोणी म्हणेल, पाकीट बरं, ज्याला जे हवं ते घेईल. नव्या संसाराला रोख उपयोगी पडते, हे मान्य. लग्नात द्या खुशाल. गुजराती शेजाऱ्यांचा चांदलो आपण उचललाच आहे. पण बारसं, मुंज, वास्तुशांत, सगळीकडे पाकीटच? दहा वर्षांनी पाकीट कोणाचं होतं ते आठवतं का?

दुसरी तक्रार, फ्लॅटमध्ये जागा नाही. मग पाट द्या, दांडियाची जोडी द्या. आणि पाळणा एका घराने घ्यावा असं कुठे आहे? सात घरं मिळून एक घ्या, सगळ्या भावंडांच्या मुलांना पुरेल. जुन्या वाड्यांत हेच चालायचं.

तिसरी गोष्ट जरा टोचेल. मॉलमध्ये छापील किंमत मुकाट्याने देणारे आपण कारागिराच्या दुकानात शिरलो की “काही कमी करा ना काका” सुरू करतो. बँकेत 34 वर्षं हिशेब तपासले, म्हणून सांगतो. लाकूड आणि लाख त्याला आधी पैसे टाकून घ्यावी लागते; माल विकला की मग पैसे येतात. वखारवाला त्याला भाव कमी करत नाही. आपण तोडलेले दोनशे रुपये सरळ त्याच्या मजुरीतून जातात. मजुरीच उरली नाही तर त्याचा मुलगा खरादावर कशाला बसेल? तो बडोद्याला येऊन डिलिव्हरीची नोकरी धरेल, आणि आपल्याच दारात प्लास्टिकच्या गाडीचं खोकं आणून देईल.

तेव्हा पुढचं बारसं ठरलं की महिनाभर आधी संखेड्याला जाऊन या. मुदत विचारा, आगाऊ रक्कम द्या, घासाघीस करू नका. आणि ज्यांच्या माळ्यावर जुना पाळणा पडलाय, त्यांनी तो खाली काढून पुसा आणि फोटो इथे टाका.