जुना कर्नल, नवी लायब्ररी : भुर्दंड मागे राहिलेल्यांनाच

फेब्रुवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ‘व्हीएस कोड’ची १.८६ ही आवृत्ती आली आणि दूरच्या सर्व्हरला जोडून काम करणारे अनेक प्रोग्रामर अडकले. सर्व्हर चालू, नेट चालू, पासवर्डही तोच. पण जोडणी होईना. सर्व्हरवर सेंटओएस ७ होतं. नव्या आवृत्तीला ‘जीलिबसी’ ही सिस्टिम लायब्ररी किमान २.२८ हवी होती, सेंटओएस ७ मध्ये ती २.१७. ओरड झाल्यावर कंपनीने वर्षभराची सवलत दिली. तीही २०२५ मध्ये संपली. बेळगाव, इंदूर, हैदराबादच्या मराठी घरांतली कितीतरी पोरं याच धंद्यात आहेत, त्यामुळे विषय आपल्यापासून लांबचा नाही.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मेमरी, डिस्क, नेटवर्क सगळं त्याच्या ताब्यात. प्रोग्राम सहसा थेट त्याच्याकडे जात नाहीत, मधे लायब्ररी असते. बँकेत आपण स्लिप काउंटरवर देतो, तिजोरीपर्यंत क्लार्क जातो, तसंच हे.

लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स एका बाबतीत कडक आहेत : नव्या कर्नलमुळे जुना प्रोग्राम मोडता कामा नये. उलट दिशेला मात्र अशी हमी नाही. सेंटओएस ६ चा कर्नल २.६.३२, जीलिबसी २.२६ ला किमान ३.२ लागतो. अशा मशीनवर ‘कर्नल फार जुना आहे’ एवढा निरोप देऊन प्रोग्राम जागीच थांबतो.

यावर डॉकरचे कंटेनर हा रामबाण इलाज असल्याचं सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. कंटेनर लायब्ररी स्वतःची आणतो, पण कर्नल यजमान मशीनचाच वापरतो. २०२१ मध्ये याचाच फटका बसला. जीलिबसी २.३४ ने ‘क्लोन३’ ही कर्नलची नवी सोय वापरायला सुरुवात केली. ‘अशी सोय इथे नाही’ असं उत्तर आलं असतं, तर लायब्ररीने मुकाट्याने जुनी पद्धत धरली असती. पण जुन्या डॉकरच्या सुरक्षा चाळणीने उत्तर दिलं, ‘परवानगी नाही’. झालं, काम तिथेच बंद! सरकारी खिडकीवर उभं राहिलेल्याला या दोन उत्तरांतला फरक समजावायला नको. पहिल्यात दुसरी खिडकी शोधता येते. डॉकर २०.१०.१० मध्ये ही चूक दुरुस्त झाली.

मग लोक जुन्यावर का बसून राहिले? आळस हे एक कारण, पण सगळा दोष त्यांचा नाही. सेंटओएस फुकट होतं आणि सातव्या आवृत्तीला दहा वर्षांचा भरवसा होता. पुढची आठवी २०२९ पर्यंत चालणार होती. रेड हॅटने डिसेंबर २०२० मध्ये जाहीर करून ती २०२१ अखेरीसच गुंडाळली. जे सातव्यावर थांबले त्यांना त्या वेळी शहाणे समजलं गेलं. ३० जून २०२४ ला सातवीचीही मुदत संपली. आता सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद, आणि नवी साधनं चालत नाहीत.

सर्वांत धोक्याचा उपाय म्हणजे नेटवरून नवी जीलिबसी आणून जुनीच्या जागी बसवणं. जवळपास सगळी सिस्टिम तिच्यावर उभी असते. ती बिघडली की फायलींची यादी दाखवणारी साधी कमांडही चालत नाही, पुन्हा लॉगिन करणंही अवघड.

नवं मशीन न घेता सुटायचं तर अल्मालिनक्स ८ किंवा रॉकी लिनक्स ८ हे फुकट पर्याय आहेत. कर्नल ४.१८, जीलिबसी नेमकी २.२८, आणि दुरुस्त्या २०२९ पर्यंत. थेट रेड हॅट १० कडे उडी मारणाऱ्यांनी आधी प्रोसेसर तपासावा. बरेच जुने प्रोसेसर तिथे चालत नाहीत. आणि आठवीवर जातानाही डेटाचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर हवा, त्याच डिस्कवर नव्हे.